डेंगळ्यांवर बसते कोण

११ जानेवारी

प्रतिज्ञा, म्हणजे सिद्ध करायचे विधान, आधी लिहून ठेवतो; मग तिच्यापासून पळता येणार नाही. सुनंदाच्या शेतातील कांदा बीजोत्पादनास बाहेरून आणलेल्या मधपेट्यांची गरज नाही. या शिवारातील रानमधमाश्या त्या कामास पुरेशा आहेत. एवढे सिद्ध करणे हाच या नोंदींचा हेतू.

आज आमच्या कांदा बीजोत्पादक सहकारी संस्थेची बैठक. पाऊस दगा देऊन गेला, विहिरी तळाला. संस्था प्रत्येक सभासदाला यंदा एकच गोष्ट देऊ शकते, टँकरचे पाणी किंवा फुलोऱ्याच्या वेळी मधपेट्या. दोन्ही जमणार नाही. सुनंदा ही माझ्या धाकट्या भावाची सून. पुतण्या पुण्याकडे कंपनीत, शेत तीच पाहते, आणि यंदा प्रथमच स्वतःच्या नावाने सभासद. तिने पाणी मागितले. माझ्या सांगण्यावरून.

अध्यक्ष भगवानराव, माझा चौथीपर्यंतचा वर्गबंधू. भर बैठकीत म्हणाला, "बे माधवा, तू जन्मभर कॉलेजात पोरान्ला तर्कशास्त्र शिकिवलंस. माशान्ला न्हाई. त्या काय तुझ्या हुकमानं येतेत का?"

मी म्हणालो, हुकमाने नव्हे, स्वभावाने.

हशा झाला. सु. हसली नाही. बाहेर आल्यावर चपला घालता घालता एवढेच म्हणाली, "आबा, पानी म्या मागून घेतलं. माशा आता तुमच्याकडं."

१४ जानेवारी. संक्रांत.

लक्षण, म्हणजे व्याख्या, ठरवल्याशिवाय परीक्षण सुरू करू नये. रानमधमाशी कोणती? फुलावर बसणारी, अंगावर लव असलेली, पोटावर पट्टे असलेली, उडताना गुणगुणणारी. आटोपशीर वाक्य झाले. तीस वर्षे मुलांना लक्षणाचे दोष शिकवले, तेव्हा स्वतःचे लक्षण दोनदा वाचून पाहिले. समाधान वाटले.

तिळगूळ द्यायला भ. आला होता. "गोड बोल आता तरी." मी गोडच बोललो. विषय माश्यांचा नव्हता.

१९ जानेवारी

उत्तरेचा बांध. पांढरट, टणक माती, उन्हाकडे तोंड. त्यात बोट जेमतेम जाईल अशी छिद्रे. पुष्कळ. तासभर खुर्ची टाकून बसलो. मागे निळसर पट्टे असलेली एक मोठी माशी थेट एका छिद्रात शिरली, शेजारच्या छिद्राकडे वळूनही पाहिले नाही. प्रत्येकीचे घर निराळे. राणी नाही, पोळे नाही. गावात तिला नाव नाही. मी तिला 'निळपट्टी' लिहिणार.

सु. बांध खरडून साफ करणार होती. थांबवले.

"मुंग्याची बिळं हायत ती, आबा."

दहा मिनिटे बस म्हणालो. बसली. निळपट्टी आली, शिरली. सु. खोरे खांद्यावर टाकून परत गेली. बांध राहिला.

२३ जानेवारी

आजवरची ओळख. निळपट्टी, बांधात राहते. 'कातरी', तुरीच्या पानाचा गोल तुकडा कातरून पोटाखाली धरून नेते, सु. ते रोग समजत होती आणि फवारणीची तयारी करून बसली होती. काळा भुंगा, गोठ्याच्या जुन्या वाशात, खाली भुसा पडतो त्यावरून घर कळते. फुलोरी, बोरीच्या झुडपात तळहाताएवढे एकच पोळे. हिला मात्र सगळे ओळखतात, कारण हिचा मध खातात.

त्यांच्यासाठी काय करता येईल ते केले. बांध अस्पर्श. कांद्याच्या कडेची दिवाळीनंतरची कोथिंबीर न खुडता फुलावर सोडली, अंघोळीच्या पाण्यावर. उथळ ताटलीत खडे आणि पाणी, बुडू नयेत म्हणून. फवारणी बंद.

कोथिंबिरीला पाणी घालताना शेजारची चंद्रकला सु.ला म्हणाली, "मानसाला प्यायला न्हाई अन् तुमी किड्यान्ला पानवठा बांधला व्हय?" सु.ने उत्तर दिले, "मामंजी शिकलेले हायत. शिकलेल्याचं असंच असतंय." हे समर्थन की टोमणा, निश्चित करता आले नाही.

२९ जानेवारी

सु.च्या शेताला लागून जे गायरान आहे तिथे संस्थेने जनावरांची चारा छावणी सुरू केली. दिंद्रुडपर्यंतच्या वाटेवरची जनावरे येत आहेत. धूळ, हंबरणे, माणसांची ये-जा. निळपट्टी बिथरेल अशी शंका. बांधाच्या बाजूने जाऊ नये म्हणून काट्या लावून घेतल्या.

७ फेब्रुवारी

डेंगळ्यांचे, म्हणजे कांद्याच्या फुलदांड्यांचे, गोंडे उमलले. पांढरे, गोल, ओळीने उभे. दुरून पाहावे असे शेत.

जवळून पाहिल्यास, रिकामे. एकही नाही. कोथिंबिरीवर फुलोरी भरभरून, दोन पावलांवर कांदा ओस.

सु. "कोथिंबिरीवर बसून माझ्या कांद्याला बी येतंय का, आबा?"

९ फेब्रुवारी

तीच स्थिती. सु. आणि चंद्रकला उन्हाच्या आधी गोंड्यांवरून हळूहळू तळहात फिरवत ओळी चालतात. एकाचा पराग दुसऱ्याला लागावा म्हणून. जुनी रीत आहे. एका गोंड्यातली फुले एकदम उमलत नाहीत, त्यामुळे रोज तेच पुन्हा.

भ. बांधावर उभा राहून सल्ला देऊन गेला, गुळाचे पाणी फवारा, येतील. मी विरोध केला. गुळासाठी आलेली माशी कांद्यासाठी आली असे म्हणता येणार नाही. प्रयोग दूषित होईल.

सु.ने हात झटकले. हिरवट वास होता त्यांना. "प्रयोग तुमचा हाय, आबा. कांदा माझा हाय."

तिने एका कोपऱ्यात गूळपाणी मारले.

११ फेब्रुवारी

कोपऱ्यात मुंग्या. फक्त मुंग्या. गूळ बंद.

सु. रात्री जेवताना पुतण्याशी फोनवर बोलत होती. "न्हाई, पेट्या न्हाई घेतल्या... आबा म्हनले म्हनून."

१६ फेब्रुवारी

आल्या.

सकाळी ऊन तापताच शेतात गुणगुण. पिवळसर-तपकिरी, पोटावर पट्टे, गोंड्यावर बसून चारी बाजूंनी चालतात, अंगाला पराग माखलेला. मोजायचे ठरवले होते. मोजता येणार नाहीत इतक्या. नवा प्रकार, निळपट्टीहून लहान, फुलोरीहून मोठी. पायांवर परागाच्या गोळ्या दिसत नाहीत. बहुधा नर असावेत.

सु. बांधावर आली, पाहिले, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. नंतर आत जाऊन माझ्यासाठी चहा घेऊन आली. शेतात. असे ती कधी करीत नाही.

२० फेब्रुवारी

भ. दोन सभासदांना घेऊन पाहणीस आला. गोंड्यावरची एक चटकन मुठीत धरली. आम्ही सगळे थांबलो. मूठ तशीच.

"चावत कावून न्हाई बे ही?"

मी सांगितले, मधमाश्यांत नांगी मादीला असते, नराला नसते. हा नर आहे.

त्याने ती सोडली, दुसरी धरली. तीही चावली नाही. "ही बी गडीच? सगळेच गडी? मंग बाया कुठं गेल्या तुझ्या?"

मी म्हणालो, बाया बांधावर घर बांधत आहेत. गडी बाजारात हिंडत आहेत. वडवणीच्या बाजारात जाऊन बघ, प्रमाण हेच दिसेल.

चंद्रकला तोंडाला पदर लावून हसली. भ. सुद्धा. "हारलो बाबा," म्हणाला. परत जाताना सु.ला म्हणाला, "सासरा लई पोहोचलेला हाय तुझा."

दिवस चांगला गेला.

५ मार्च

टँकर दोन दिवस नाही. काही डेंगळे मान टाकून. माश्या मात्र येतात.

संध्याकाळी तुराट्यांच्या कुंपणाजवळ एक दृश्य. निळपट्ट्या एका वाळल्या काडीला जबड्याने धरून, पाय आखडून, ओळीने झोपलेल्या. काडी हलवली तरी सुटल्या नाहीत. सु.ला दाखवले. ती हळू आवाजात म्हणाली, "बसमधी दांड्याला लोंबकाळल्यावानी." मग काडीचे ते कुंपण सरपणाला न्यायचे नाही असे तिनेच चंद्रकलेला बजावले.

१५ मार्च

बोंडे फुटू लागली. आत काळे, टोकदार बी. भरलेले. सु. एक गोंडा खुडून तळहातावर चोळते, फुंकते, पाहते, पुन्हा मुठीत बंद करते.

२६ मार्च

गोंडे खुडले, वाळवले, झोडपले, उफणले. बी पाण्यात टाकून पाहिले. पोचट तरंगते, भरलेले बुडते. बहुतेक बुडाले. संस्थेच्या तपासणीत पास.

आज बैठक. ठराव असा की पुढील हंगामात कोणीही पेट्या घेऊ नयेत. बांध राखावे, कोथिंबीर लावावी, पेट्यांवरचा सगळा खर्च पाण्याकडे वळवावा. शिवाय ज्या बायका पहिल्यांदा बीजोत्पादनाला उतरतील त्यांना शिकवण्याचे काम सुनंदाकडे. तिच्या नावाने ठराव. भ.ने मांडला, टाळ्या वाजल्या. चंद्रकलेनेही नाव दिले. तिचे रान माळावर, पलीकडच्या अंगाला.

मी भाषण केले. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन, पाचही अवयव. बसल्यावर लक्षात आले की पाण्याचा पेला कोणीतरी आधीच भरून ठेवला होता.

निगमन: प्रतिज्ञा सिद्ध. नोंदी येथे संपाव्यात.

३० मार्च

संपल्या नाहीत.

पानवठ्याच्या ताटलीतले पाणी आटले होते. खड्यांत तीच पिवळसर-तपकिरी, मेलेली, वाळलेली. वाचायचे भिंग घेऊन बसलो, निव्वळ नोंद पुरी करावी म्हणून.

पंख दोन.

मधमाशीला चार असतात. हे मला ठाऊक होते. पुस्तकात आहे, पहिल्याच प्रकरणात. माझ्या लक्षणात घातले नव्हते, कारण बसलेल्या माशीचे पंख एकमेकांवर येतात आणि मोजणे गैरसोयीचे होते.

३१ मार्च

आणखी पाच तपासल्या. सर्वांना पंख दोन. त्यांमागे टाचणीच्या डोक्याएवढ्या दोन गाठी. डोळे सगळे डोके व्यापणारे. मिशा आखूड, केसासारख्या. बोरीखाली पडलेली फुलोरी शेजारी ठेवली. पंख चार, मिशा कोपरात वाकलेल्या. फरक भिंगाशिवायही दिसतो, पाहायचे ठरवले तर.

ती मधमाशी नव्हे. घरात जेवणावर बसते त्या माशीच्या जातकुळीतली. मधमाशीचा वेष घेतलेली. म्हणून चावत नव्हती. म्हणून पायांवर परागाच्या गोळ्या नव्हत्या. दोन्ही वेळा पुरावा माझ्यासमोर होता. दोन्ही वेळा मी त्याला नर म्हणालो आणि दुसऱ्या वेळी लोकांना हसवलेही.

माझ्या लक्षणातील एकेक शब्द तिला लागू पडतो. अतिव्याप्ती. पहिल्या वर्षाच्या मुलाने केली असती तर खाली लाल रेघ ओढली असती.

२ एप्रिल

इतक्या आल्या कोठून? बांधात त्यांचे एकही घर नव्हते. मी शोधले नव्हते. असणारच असे धरले होते.

वाऱ्याच्या दिशेने गेलो. छावणीच्या खालच्या अंगाला मूत आणि शेण वाहून साचते तो खड्डा. वर साय. साय काठीने बाजूला केली. आत राखाडी अळ्या, मागे उंदरासारखी लांब शेपटी, ती पृष्ठभागाला लावून श्वास घेतात. छावणीवरची एक बाई म्हणाली, "सर, काय हरवलं का?"

हो म्हणालो.

बरणीत थोडा गाळ, अळ्या, कडेने कोरडी माती, तोंडाला फडके. घरामागे ठेवली. सु.ला सांगितले नाही.

१४ एप्रिल

अळ्या कोरड्या मातीत शिरून कोष झाल्या होत्या. आज फडक्याखाली दोन बसलेल्या. पिवळसर-तपकिरी, पट्टे. गुणगुण तीच.

संशयाला जागा उरली नाही. सु.चे बी बऱ्याच अंशी छावणीच्या खड्ड्याने पिकवले. छावणी २९ जानेवारीला सुरू झाली. माश्या १६ फेब्रुवारीला आल्या. मधले दिवस अळीची माशी व्हायला लागणारे. हे मी स्वतःच लिहून ठेवले होते, एकाखाली एक.

पावसाळ्यात छावणी उठेल. पुढच्या फुलोऱ्याला खड्डा नसेल. पेट्याही नसतील, ठराव आहे.

१५ एप्रिल

सु.ला सांगितले. बरणी दाखवली. तिने फडके उचलले नाही, बाहेरूनच पाहिले.

"म्हंजी शेनावरच्या?"

हो.

"बी तर खरं हाय ना?"

बी खरे आहे. कारण खोटे आहे.

तिने तुरीचे सूप पुढ्यात ओढून निवडायला घेतले. मग एकदम, "कारण कोन विचारतंय आबा? बी हाय, ठराव हाय. पहिल्यांदा त्या मानसायनी माझं नाव घेतलं, माज्या नवऱ्याचं न्हाई. आता तुमी उठनार अन् सांगनार, सुनंदाबाईचं शेत खड्ड्यावरच्या माशीनं पिकलं. भगवानराव वर्षभर तेच वाजवीत बसंल. पेट्यावाला येईल, अन् बांध बी खरडतील, कशाला ठिवतील?"

मी म्हणालो, न सांगितल्यास पुढच्या वर्षी माळावर गोंडे ओस राहतील. तिथे छावणी नव्हती, बांधही नाहीत.

"चंद्रकलाचं म्हनता."

मी नाव घेतले नव्हते.

ती सूप घेऊन उठली. "तुमाला हारायचं दुःख न्हाई आबा, चुकीचं जिकायचं दुःख हाय," असे काहीसे म्हणाली; नेमके शब्द आठवत नाहीत. भांडी घासताना आवाज जास्त होता.

१९ एप्रिल

सुटकेची वाट शोधत आहे. ती शोधत आहे हेही लिहून ठेवतो.

युक्तिवाद एक: फुलोरी आणि निळपट्टीही कांद्यावर आल्या होत्या. खरे, थोड्या आल्या, शेवटी शेवटी. युक्तिवाद दोन: शेणमाशीही रानातलीच, तेव्हा 'शिवारातील जीव पुरेसे' असा प्रतिज्ञेचा विस्तार करावा. हे वकिलाला शोभेल. प्रतिज्ञा मी लिहिली ती अशी नव्हती, आणि निगमन झाल्यावर प्रतिज्ञा बदलणाऱ्या मुलाला मी वर्गाबाहेर काढलेले आहे.

कोणामुळे किती बी धरले, हे आज कोणालाच सांगता येणार नाही. ते पाहायचे तर काही गोंडे जाळीच्या कापडाने झाकायचे होते, काही उघडे ठेवायचे होते. मी खुर्चीवर बसून होतो.

२३ एप्रिल

सु. आठ दिवस कामापुरते बोलते. आज संध्याकाळी स्वतःहून बांधाकडे गेली, मागून मीही. छावणीची जनावरे घुसून काट्या मोडल्या होत्या. तिने त्या पुन्हा खोचल्या. मग माझ्याकडे न बघता विचारले, "निळपट्टी तरी मधमाशीच हाय ना? तिचे पंख मोजले का?"

मोजले. चार.

"नक्की?"

दोनदा मोजले.

"कांद्यावर कावून कमी बसती मंग ती?"

माहीत नाही म्हणालो. हे शब्द तिच्यासमोर उच्चारल्याचे मला आठवत नाही. तिलाही नसावे, तिने मान वळवून पाहिले.

३० एप्रिल

आज दुपारी वार्षिक सभा. भ.ला सकाळी भेटून सांगितले. हसेल असे वाटले होते. हसला नाही. "बे, ठराव झालाय. पेट्यावाल्याला न्हाई म्हनून कळवलंय. आता सभेत सांगतोस? मला काय म्हनतील लोक?" मग थोड्या वेळाने, "खड्डा ठिवायचा का मंग पुढच्या साली?" हे थट्टेने की गंभीरपणे, त्यालाही ठाऊक नसावे. शेण साठवून तशी माशी मुद्दाम वाढवता येईलही. की वासाने, रोगाने निराळेच काही उद्भवेल? मला सांगता येत नाही.

सु. निघायला तयार आहे. नवे लुगडे नेसली आहे. तिने सांगितले, "तुमी बोलून झाल्यावर मी बोलनार हाय. मधी बोलायचं न्हाई." काय बोलणार ते सांगितले नाही. मीही विचारले नाही. चंद्रकला तिच्याबरोबर दारात उभी आहे. तिला यातले काही माहीत आहे की नाही, चेहऱ्यावरून कळत नाही.

सभेत वाचायचे ते येथे आधी लिहितो, शब्द हलू नयेत म्हणून.

मी असे विधान केले की सुनंदाच्या शेतातील कांद्याचे बी रानमधमाश्यांनी धरले. ते मी सिद्ध केले नव्हते. फुलांवर जे जीव सर्वांत जास्त दिसले, ते मधमाश्या नसून छावणीच्या खड्ड्यात वाढलेल्या माश्या होत्या. बी चांगले आले म्हणून माझे कारण बरोबर, असे मी मानले आणि तुम्हाला मानायला लावले. बी सुनंदाच्या मेहनतीचे आहे. चूक माझी एकट्याची आहे. बांधातल्या मधमाश्या खऱ्या आहेत. त्या तुमच्या कांद्याला पुरतील की नाही, हे मला माहीत नाही. माझ्या शब्दावर कोणी पेट्या सोडू नयेत, आणि माझ्या चुकीवर कोणी बांध खरडू नये.

मा. गो. तौर